आत कुणी आहे का

ड्युलुथमध्ये ऑगस्ट सरता सरता
सरोवरावरचा वारा बोचायला लागतो.
पंधरा मुलं दारात. गळ्यात कोरी ओळखपत्रं,
नजरा फोनमध्ये, एकाच्या हातात अर्धा डोनट.
"तो आधी संपव," मी म्हणते. "पुस्तकं कुठे पळून जात नाहीत."

काय दाखवायचं, कोणत्या क्रमानं,
हे विद्यापीठानं मला छापून दिलंय:
प्रिंटर, स्वच्छतागृह, आग लागली तर कुठून पळायचं,
बोलायचा मजला, गप्प राहायचा मजला.
बावीस वर्षं झाली,
दुसऱ्या पानापर्यंत मी कधी पोचलेली नाही.

हा जिना. सातवी पायरी करकरते,
परीक्षेच्या आठवड्यात तिचा उपयोग होतो.
ही खिडकी. इथून खनिजाची जहाजं दिसतात;
पूल वर उचलतात, भोंगा होतो,
तेवढा वेळ सगळे वाचल्यासारखं करतात.
हा कोपरा पदार्थविज्ञानाचा. इथला हीटर सगळ्यात चांगला,
म्हणून जानेवारीत
इतिहासवाल्यांनाही पदार्थविज्ञान आवडायला लागतं.

हसतात. बरं वाटतं.
एक मुलगी हसत नाही. ब्रिन कोस्की, ओळखपत्रावर वाचलं.
खाणींकडची असणार,
बुटांच्या शिवणीत तांबडी धूळ अडकलीय.
घोळका पुढे सरकल्यावर हळूच विचारते,
"इथे बसायला
काही विकत घ्यावं लागतं का?"

पुढचे दोघे वळून एकमेकांकडे बघतात.
मी त्या दोघांकडे बघते.
वळतात पुन्हा.

"नाही," मी तिला म्हणते. एवढंच.
बाकीचं इंग्रजीत कसं सांगायचं मला अजून जमलेलं नाही:
की खामगावच्या आमच्या वाचनालयात कपाटांना जाळी होती,
जाळीला कुलूप,
आणि किल्ली सप्रेकाकांच्या जानव्याला.
चिठ्ठी द्यायची, थांबायचं.
"इंगळे ना?" म्हणत ते चिठ्ठी वाचायचे,
कधी पुस्तक यायचं, कधी चिठ्ठीच परत यायची.
की इथे आले तेव्हा मी तीन दिवस
याच काउंटरसमोर चिठ्ठी लिहून उभी होते,
आणि फरशी पुसणाऱ्या हॅरल्डनं चौथ्या दिवशी
मॉप भिंतीला टेकवून विचारलं,
"बाई, कुणाची वाट बघताय?"
पुस्तकाला स्वतः हात लावायचा असतो
हे मला त्यानं शिकवलं.

आता तळघर.
इथली कपाटं रुळांवर सरकतात, चाक फिरवलं की
दोन कपाटांमधली वाट मिटते, दुसरीकडे उघडते.
बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक नियम पाठ करा:
चाकाला हात लावण्याआधी मोठ्यानं विचारायचं,
आत कुणी आहे का?

शेवटच्या कपाटात खालच्या फळीवर
हातभर मराठी पुस्तकं आहेत. ती मी दाखवत नाही.
कुणी नेत नाही ती; न नेलेल्यांची यादी निघते,
आणि यादीतली पुस्तकं मागच्या दारानं जातात.
म्हणून दर वर्षी पाळीपाळीनं
मी ती माझ्या नावावर घरी नेते.
काही वाचते. काहींना नुसती हवापालट.

नोव्हेंबर. रात्रीचे पावणेदहा, बाहेर बर्फ भुरभुरतोय.
तळघर बंद करायला उतरले, चाकाला हात घातला,
दिवसभराच्या थकव्यानं तोंडातून मराठीच आलं:
"आत कुणी आहे का?"

थोडा वेळ काही नाही.
मग खालून, जमिनीच्या उंचीवरून,
"आहे," असं इंग्रजीत.

भूगर्भशास्त्राच्या तीन जाड ग्रंथांना टेकून
ब्रिन कोस्की. बूट काढून ठेवलेले,
मांडीवर उघडं पुस्तक, पुस्तकाशेजारी सँडविच,
आणि बरोबर डोक्यावर पाटी: खाण्यास मनाई.

माझा चष्मा वर राहिला होता,
म्हणजे, डोक्यावर.
तो मी डोळ्यांवर ओढला नाही.
"पंधरा मिनिटं आहेत अजून," म्हणाले,
आणि जिन्यावर जाऊन बसले,
सातव्या पायरीच्या खाली.