पन्नास पौंडांच्या खाली

थॉर्नवेलच्या टाउन हॉलात, दुसऱ्या मजल्यावर,
झेरॉक्स मशीन आणि कुंडीतलं रबराचं झाड
यांच्या मधे माझं टेबल.
माझ्याकडे एक वही असते,
कौन्सिलरांना मिळालेल्या भेटींची.
पन्नास पौंडांच्या वरचं लिहायलाच हवं.
खालचं नाही लिहिलं तरी चालतं.
सावध माणसं लिहितात.

अकरा वर्षांत मला कळलं
की या गावात कुठलीच वस्तू
एकोणपन्नासच्या वर जात नाही.
व्हिस्की एकोणपन्नास.
नाताळची परडी, आतल्या हॅमसकट, एकोणपन्नास.
रग्बीचं तिकीट, मग जेवण, मग परतीची टॅक्सी:
तीन वेगळ्या ओळी,
तिन्ही गरीब.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात.
इथे लपवत नाहीत.
भांड्यावर किमतीची चिठ्ठी लावतात.

नॉर्मन ओल्डरॉइड मला 'मिसेस कॅम्बेटी' म्हणतो,
खांबेटे त्याच्या तोंडात मावत नाही.
तो राजकारणात आला एका झेब्रा क्रॉसिंगसाठी.
मिल लेनच्या कोपऱ्यावर त्याच्या बहिणीचा मुलगा
व्हॅनखाली आला, पाय गेला.
नॉर्मननं चार वर्षं अर्ज केले,
मग वैतागून निवडणूक लढवली.
पट्टे अजून आहेत. दर मार्चमधे
रंग ताजा आहे ना, तो स्वतः जाऊन बघतो.

बांधकाम समितीचा अध्यक्ष तो नंतर झाला.

त्याला पैसे नको होते,
हे समजायला मला फार वेळ लागला.
त्याला एवढंच हवं होतं
की पबचं दार ढकलल्यावर कुणीतरी म्हणावं,
'नॉर्मन! बरा भेटलास.'
बायको गेल्यावर घरी हे म्हणणारं कुणी नव्हतं.
बिल्डर म्हणायचा.
आणि गिरणीमागच्या कुरणावर
बहात्तर घरं उभी राहिली,
पुराच्या नकाशात जिथे निळा रंग होता तिथे.

मग लीड्सहून एक बाई आल्या तपासाला,
मिस अडेयेमी, सायकलचं हेल्मेट हातात.
आठ दिवस वही वाचली, चहासुद्धा स्वतःचा आणला.
जाताना म्हणाल्या,
मर्यादा वीसवर आणली तर सगळं एकोणीसचं होईल.
तुम्ही किमतीचा रकानाच काढा.
त्या जागी लिहा: कशासाठी?
आणि अध्यक्ष चार वर्षांनी बदला,
चांगला असला तरी.
चांगला असला तर नक्कीच.

ठरावाच्या रात्री नॉर्मन उभा राहिला.
म्हणाला, मिसेस कॅम्बेटी,
'बरा भेटलास' हे कुठल्या रकान्यात जातं?
कुणी हसलं नाही.
मग त्यानं हात वर केला, बाजूनं.
एका मतानं ठराव पास झाला.
ते मत त्याचंच, असं प्रत्येकजण आता
आपल्याही मताबद्दल म्हणतो.

नवी वही आली आहे. हिरव्या कापडाची.
यात एक पान आमचंही आहे,
नोकरांचं.

दोन हजार चौदा. श्रीधरला अर्धांग झालं,
दारासमोर तीन पायऱ्या, खुर्ची चढेना.
उतारासाठी अर्ज केला तेव्हा वाट बघणारे एकसष्ट होते.
नॉर्मन जिन्यात भेटला, म्हणाला, बघतो.
एकोणिसाव्या दिवशी सिमेंट ओतलं गेलं.
चौदा नंबरच्या मिसेस शॅकल्टनचा अर्ज
माझ्या आधीचा होता.
त्यांचा उतार झाला
त्या गेल्यानंतरच्या वसंतात.

मी कुणाला काही दिलं नाही.
घेतलंही नाही, असं मी
स्वतःला सांगत आले, रोज,
त्याच उतारावरून खुर्ची खाली नेताना.

तारीख लिहिली. नाव लिहिलं, पूर्ण,
खांबेटे, त्यांना वाचता येवो न येवो.
कोणाकडून, तेही लिहिलं.

'कशासाठी' हा रकाना
बोटभर रुंद आहे.
खाली पोर्टर किल्ल्या वाजवतोय,
सहा वाजले.
थांब म्हटलं, अजून एक ओळ.