चुन्याचा डबा

कोपनहेगन, बावन्न साल.
मी दातांचा अभ्यास करत होतो.
श्वासाशी माझा संबंध एवढाच,
की खुर्चीतल्याचा माझ्या तोंडावर यायचा.
सप्टेंबरात फळ्यावर यादी लागली: रात्रपाळीला हात हवेत.
मला रबरी पिशवी दिली आणि बोदिल दिली,
वय नऊ, गळ्याला भोक, मानेखाली सगळं बंद.

दाब. सोड. दाब. सोड.

आधी वाटलं होतं, हिच्या रक्तात क्षार फार झालाय.
आकडा खोटा नव्हता.
फक्त तो क्षार म्हणजे न सुटलेला श्वास होता,
साठत, साठत, सोडा होऊन बसलेला.

सिस्टर गुद्रूननं तक्त्यामागे पेन्सिलीनं काढून दाखवलं:
कर्बवायू तांबड्या पेशीत शिरतो,
पाण्याशी लगीन लागतं, पापणी लवते न लवते
तोच काडीमोड.
आंबट वाटा हिमोग्लोबिन कडेवर घेतं,
दुसरा वाहत्या रक्तात उतरतो
आणि त्याच्या जागी क्लोराइड आत येऊन बसतं.
दार उघडं टाकून कुणी जात नाही.
थोडा वायू असाच विरघळून येतो, बिनतिकिटाचा.
फुप्फुसाशी पोचलं की सगळं उलट्या पावली:
मोडलेलं जुळतं, वायू सुटतो.
"सुटतो," ती म्हणाली, "कुणी भाता हलवला तर."

मेंदूच्या देठाशी एक पहारेकरी असतो.
प्राणवायूची त्याला फारशी फिकीर नाही,
तो आंबटपणा चाखतो
आणि ओरडतो: घे!
बोदिलचा ओरडत होता. खालचे दोर तुटले होते.
त्याच्या जागी मी,
आणि मला चव कळत नव्हती.

मला कळायचा डबा.
पिशवी आणि गळा यांच्यामध्ये पत्र्याचा डबा, आत चुन्याचे खडे.
तिनं सोडलेलं ते गिळत आणि तापत.
पहाटे चारला, खिडकीबाहेर धुक्याचे भोंगे वाजत असताना,
मी थंड बोटं त्याच्यावर ठेवायचो.
नऊ वर्षांच्या पोरीची ऊब. चुन्यातून.

एका रात्री भीतीनं भराभर दाबत गेलो.
तिनं नुसत्या ओठांनी म्हटलं: गरगरतंय.
गुद्रून धावली. "सगळा उपसू नकोस रे,
तोही लागतो, थोडा."
तेव्हापासून आमचं ठरलं:
एकदा डोळे मिटले की सावकाश,
दोनदा मिटले की जोरात.
आणि तीनदा म्हणजे काय, हे तिनं कधीच सांगितलं नाही,
मिटायची मात्र रोज, आणि हसायची.

सहाला प्रेबेन यायचा.
तो माझ्या हातांवर हात ठेवायचा, मी खालून काढून घ्यायचो,
एकही ठोका न चुकवता.
मग सायकल, ओले दगड, पावाच्या भट्टीचा वास.
पुलावर मी श्वास रोखून बघायचो.
बेचाळीस, त्रेचाळीस,
आणि माझा पहारेकरी बोंब मारायचा,
सगळे दोर शाबूत असलेला, उर्मट.
उजवा हात तोवर
हँडलची रबरी मूठ
दाबत असायचा, सोडत असायचा.