म्हणून दाखव

लोहगावच्या टॉवरमध्ये रात्री दोन चाळीसला
चहावर साय धरलेली असते,
आणि काचेपलीकडे धावपट्टीचे दिवे,
कुणी रांगोळीचे ठिपके काढून
जोडायचे राहून गेल्यासारखे.

मी बोलते ते थोडकं.
वारा कुठून, किती. दाब किती.
कुठवर खाली ये, कुठे थांब.
अंधारातला माणूस माझे आकडे घेतो
आणि मलाच परत म्हणून दाखवतो,
शेवटी आपल्या विमानाचं नाव लावून.
तेवढं झालं की मगच ते खरं.

वडील असेच होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात.
एकोणतिसाचा पाढा विचारायचे जेवताना.
नुसतं ‘येतो’ म्हटलेलं चालायचं नाही.
म्हणून दाखव.
एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी,
एकोणतीस चोक… आमटी गार व्हायची.
त्यांच्या खात्यात एक ‘हो हो’ म्हणणारा माणूस होता,
त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.
एवढंच सांगायचे. पुढचं आम्ही विचारलं नाही.

त्या रात्री मी खाली रडारवर होते,
खिडकी नसलेल्या खोलीत.
सार्जंट ढमढेरे बाटलीचं बूच लावत होते.
मी म्हटलं, सेव्हन थाउजंड.
तो म्हणाला, सिक्स थाउजंड.
नीट, ठणठणीत, अगदी नम्र आवाजात चुकीचं.
सहा हजारांकडे दुसरं एक चढत होतं,
चार मिनिटांपूर्वी मीच सोडलेलं.

निगेटिव्ह. सेव्हन. आय से अगेन, सेव्हन.

मग दीड सेकंद काहीच नाही.
ढमढेऱ्यांचा हात बुचावर तसाच.
वाघोलीत कुणी कूस बदलली असेल,
येरवड्याला एखाद्या रिक्षावाल्याने तंबाखू मळली असेल,
आणि वर एकशे ऐंशी माणसं
मान वाकडी करून झोपलेली.

सेव्हन थाउजंड. सॉरी, मॅडम.

‘सॉरी’ आणि ‘मॅडम’
हे दोन शब्द नियमावलीत नाहीत.
ते मी नोंदवहीत लिहिले नाहीत.
बाकीचं लिहिलं, तीन ओळींत, वेळेसकट.
बूच लागलं. दोन्ही उतरली-चढली आपापल्या वाटेने.
पेपरात काही आलं नाही.
आमच्या कामात पेपरात न येणं हेच बक्षीस.

दोन महिन्यांनी, रविवारी, विमाननगरच्या उडप्याकडे
पाठीमागच्या टेबलावरून आवाज आला:
एक सेट डोसा, चटणी वेगळ्या वाटीत.
पोऱ्या म्हणाला, एक मसाला डोसा.
नाही. सेट. पुन्हा सांगतो, सेट.

हातातला चमचा हातातच राहिला.

वळून पाहायचं मनात आलं.
पण पाहिलं असतं तर त्याला चेहरा आला असता,
टक्कल, किंवा देखणेपण, किंवा शेजारी एखादी मुलगी,
आणि पुढच्या वेळी हेडसेटमध्ये
मी आकडे ऐकायचे सोडून ते पाहिलं असतं.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

सेट डोसा, चटणी वेगळी, पोऱ्याने म्हटलं.
मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, करेक्ट.

समोरून नवरा म्हणाला,
“मी काय सांगत होतो आत्ता?”

मला म्हणून दाखवता येईना.