पान उलटून पाहणे

कॉलेजात रोगांची नावं लॅटिनमध्ये पाठ केली होती.
खेडगावात आले तेव्हा कळलं, इथे तिला डावणी म्हणतात
आणि ती आलीय हे सांगताना माणसं आवाज उतरवतात,
जणू पलीकडच्या खोलीत कुणी झोपलंय.

स्कूटीच्या डिकीत खुरपं, मार्कर, पिशव्या,
दहापट दाखवणारं भिंग,
बिस्किटाचा पुडा, बहुधा चुरा झालेला.
एवढ्यावर बारा गावं.

माती कशी घ्यायची ते मी सांगते:
बांधाची नको, शेणखताच्या ढिगाजवळची नको,
आठ ठिकाणची आणा, घमेल्यात कालवा,
चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या,
उरलेल्याचे पुन्हा चार.
रखमाजी वडजे टाकलेली माती
ओंजळीने परत नेऊन वेलीच्या बुडाशी ठेवतात.
"तुमच्या कामाची नसंल," म्हणतात, "तिच्या कामाची हाये."
अहवाल आला: सामू आठ पूर्णांक चार, चुनखडी जास्त.
त्यांनी तो घडी घालून टोपीत ठेवला.

बहुतेक वेळा माझा सल्ला एकच असतो:
थांबा.
आज फवारू नका. आज पाणी सोडू नका.
दुकानदार बाटली विकतो, मी थांबणं विकते,
आणि त्याची पावती मिळत नाही.

गोडी छाटणीनंतर सतराव्या दिवशी
हिराबाई रायतेंनी विचारलं, "मारू का आज औषध?"
फोनवर आभाळ निरभ्र होतं.
मी म्हणाले, थांबा.
रात्री कादवेच्या अलीकडेच तेवढा पाऊस पडला,
पलीकडे सुकेण्यात धूळसुद्धा बसली नाही.
पाचव्या दिवशी पानावर तेलाचे डाग,
पान उलटलं तर पाठीवर पांढरी लव,
इतकी मऊ, की बोट फिरवावंसं वाटलं.
लव घडांवरही होती.
वीस गुंठे गेले.

नऊ दिवस मी त्या रस्त्याला गेले नाही.
जानोरीत काम आहे, मोहाडीत बैठक आहे,
एकदा तर नुसतीच पेट्रोल पंपावर उभी राहिले.
दहाव्या दिवशी फोन त्यांचाच:
"मॅडम, टमाट्याची पानं वळाय लागलीत. येता का बघायला?"
बागेचा शब्द नाही.

टोमॅटो पाहिले. फुलकिडे होते. सांगितलं काय करायचं ते.
चहा व्हायला वेळ होता म्हणून गोठ्याकडे वळले
तर भिंतीवर खडूने रकाने:
तारीख. दव किती वाजता पडलं. पानावरून किती वाजता उतरलं.
त्या पावसाच्या दुसऱ्या सकाळपासून,
एकही दिवस न चुकता,
एका ओळीवर म्हशीने अंग घासलेलं, ती पुन्हा लिहिलेली.

"हे कशासाठी?"
"तुमच्या फोनला नाशिक दिसतं," त्या म्हणाल्या,
"आमचा वावर दिसत न्हाई. म्हनून."
आणि साखर किती घालू ते विचारलं.

मला माफी मागायची होती,
वाक्य तयार होतं, रस्ताभर घोटलेलं.
कप हातात आला आणि मी म्हणाले,
खाली अजून एक रकाना आखा, वाऱ्याचा.
त्यांनी खडू माझ्याच हातात दिला.

आता डिसेंबर आहे. पहाटे निफाडकडे
बागांतून शेकोट्यांचा धूर आडवा पसरतो.
सहा वाजता मी भिंतीचा फोटो मागवते,
मग बारा गावांना निरोप लिहिते.
आजचा असा होता:
आज थांबा. खेडगावात काल दव साडेनऊपर्यंत.

लगेच उत्तर आलं, हिराबाईंचं:
साडेनऊ न्हाई. पावनेधा.
फोटो नीट मोठा करून बघत जा.