व्हाइल

बार्न्स्लीत माझा पहिलाच आठवडा.
घरमालक क्लिफर्ड ऑक्सली कामावर निघताना म्हणाला,
"खुराड्याचं दार उघडू नकोस, व्हाइल मी येतो."
मी शाळेतलं इंग्रजी बाहेर काढलं:
व्हाइल म्हणजे असताना, चालू असताना, दरम्यान.
म्हणजे तो येत असताना तेवढं उघडायचं नाही,
एरवी चालेल.

उघडलं.
सतरा कबुतरं समोरच्या धुराड्यांवर जाऊन बसली
आणि मी अंगणात, मक्याचा डबा खुळखुळवत,
दिवेलागणीपर्यंत.

तो रागावला नाही.
बुटाच्या नाड्या सोडत एवढंच म्हणाला,
"त्या शब्दाला इकडे आम्ही दुसऱ्या कामाला लावलाय."

मग तो मला जिथे तिथे भेटायला लागला.
पावाच्या दुकानाच्या काचेवर: उघडे, नऊ व्हाइल चार.
(नऊ वाजलेले असताना चार वाजतात,
असं घड्याळ मी दोन दिवस डोक्यात फिरवून पाहिलं.)
दातांच्या दवाखान्यात एडना:
डॉक्टर नाहीत, लव्ह, गुरुवार व्हाइल.
बसमध्ये एक पोरगं आईचा कोट ओढत:
किती वेळ, व्हाइल आजीचं घर?

लीड्सहून विम्याची बाई आली होती, नीटनेटकी.
तिनं क्लिफर्डच्या फॉर्मवर तो शब्द खोडला
आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, अंटिल.
क्लिफर्डनं चष्मा वर करून पाहिलं.
"माझ्या आज्यानं हा ऐकला नव्हता," तो म्हणाला,
"व्हाइल पलटणीत गेला."

जूनमध्ये शर्यत होती.
कबुतरं ट्रकमधून फ्रान्सात नेली,
तिथे पहाटे टोपल्या उघडल्या,
इकडे क्लिफर्ड आभाळाकडे मान टाकून.
दुपारी पहिलं आलं, मग चार एकदम,
मग भिजल्यासारखं दिसणारं एक, चालतच आत गेलं.
मिसेस पिकल्स आली नाही.
निळसर, गळ्यावर तांब्याची झाक,
डाव्या पायाचं एक नख नसलेली.
मी तिला कधी हातात घेतलं नव्हतं,
धुराड्यावरून सगळ्यात शेवटी उतरली होती ती,
एवढीच ओळख.

शनिवार गेला. रविवारी क्लबातले लोक
पेला उंचावून म्हणाले, ससाणा असेल, तारा असतील, वारा.
सोमवारी मी विचारलं, जेवायला येतोस ना?
तो उलट्या बादलीवर बसलेला, फ्लास्क पायाशी.
म्हणाला, "मी इथेच आहे, व्हाइल ती येते."

मी मनात मराठी करू लागलो. सवयच ती.
'ती येईपर्यंत'. हे चालेल,
पण 'पर्यंत'ला शेवटी कुंपण असतं,
त्यापलीकडे कुणी बसत नाही.
मग म्हटलं, 'जोवर ती येत नाही तोवर',
आणि तिथेच अडकलो.
ऐका ना कसं आहे ते:
आपल्यात कुणाची वाट पाहायची
तर आधी ती 'येत नाही' असं म्हणावं लागतं.
आपण किती सहज म्हणतो. मी आयुष्यभर म्हणत आलो.
हॉस्पिटलच्या बाकावर, फोनच्या शेजारी,
जोवर, नाही, तोवर.

याच्या वाक्यात 'नाही' नव्हतं.
मी शोधलं, खरंच.

शेवटी माझं तेच पहिलं, चुकीचं भाषांतर
त्याच्या वाक्यावर ठेवून पाहिलं:
ती येत असताना मी इथे आहे.
बसलं.
म्हणजे ती येतच होती.
खाडीवरून, ओल्या गव्हावरून, कुठून तरी,
आणि हा तिच्या येण्याच्या आत बसला होता
कोमट चहा घेऊन.

मी हे त्याला सांगितलं नाही.
कसं सांगणार, कुठल्या शब्दांत.
कोपऱ्यातली दुसरी बादली झटकली, उलटी घातली.
त्यानं झाकणात चहा ओतून माझ्याकडे सरकवला,
साखर नव्हती.
खुराड्याचं वरचं छोटं दार उघडंच होतं.
आत सोळाजण एकमेकांत घुमत होते.
त्या दिवसांत तिकडे अंधार फार उशिरा पडतो.
उजेड होता, साडेदहा व्हाइल.