उष्टं

फेब्रुवारीत बारिओ सूरमध्ये
कुणाचे तळवे निळे नसतात?
अरुंद गल्ली, चाळीस ढोल, कार्निव्हल तोंडावर,
चामडं तापवायला रस्त्यातच पेटवलेले खोके,
आणि रात्र रात्र आम्ही हात बडवतोय.
म्हणून माझ्या हातांकडे कुणी पाहिलं नाही.
मीही नाही.

मांडीवर डाग उठले, म्हटलं ढोल घासला असेल.
हिरड्यांतून रक्त आलं, म्हटलं ब्रश नवा आहे.
माणसाला कारणं कधी कमी पडतात?
तेवीस वर्षांचा होतो.
मिरवणुकीच्या पहिल्याच वळणावर
गुडघ्यांतली दोरी कुणीतरी ओढून घेतली
आणि ढोलासकट मी फुटपाथवर.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या
तेव्हाच कळलं. शब्द नंतर आला.
ल्युकेमिया.
एखाद्या मुलीचं नाव असावं तसा.

सूचनांच्या कागदावर अकरावी ओळ होती:
माते कुणाबरोबर पिऊ नये.

कसं सांगू तुम्हाला.
आमच्या मोंतेविदेओत एक कोरलेला भोपळा, एक नळी,
कडू पाल्यावर ओतलेलं गरम पाणी
आणि तोंडातोंडी फिरणारी पाळी.
नळी पुसायची नसते. पुसली तर अपमान.
बस-स्टॉपवरचा परकासुद्धा विचारतो, घेणार?
उष्टं हेच इथलं नातं.
आणि मला सात महिने
माझा एकट्याचा पेला, उकळलेला, झाकलेला.
काचेपलीकडे आई घोट घ्यायची
आणि मी तिच्या गालांत पडणारे खळगे मोजायचो.

शेजारच्या खाटेवर ओल्मेदो.
सव्वीस वर्षं, बंदरात क्रेन चालवायचा.
तेच औषध, तेवढंच, त्याच मंगळवारी सुरू केलेलं.
तो गेला.
याचं गणित मांडायला कुणी आलं
की मी खिडकीबाहेर बघतो.

लोक म्हणतात, तू झुंजलास.
कसला झुंजतोय. ओकलो, झोपलो,
बहिणीवर खेकसलो
आणि तिचीच मज्जा माझ्या हाडांत घेतली.
आता नसांतून फिरतंय ते फ्लोरेंसियाचं रक्त,
तिने आधी वापरलेलं.
म्हणजे बघा, जगलो तोही उष्ट्यावरच.

दर गुरुवारी मी तिसऱ्या मजल्यावर जातो.
हल्ली तिथे यामिला आहे. एकोणीस. साल्तोची,
जिथे अंगणातून हात वर केला की संत्रं.
तिला संत्र्याला मनाई आहे.
मी तिला धीर देत नाही,
धीर तिच्या उशाशी आधीच ढिगाने पडलाय.
मी सांगतो: स्टीलचा चमचा ठेव बाजूला, लाकडी माग,
तोंडातली गंजाची चव जरा कमी होते.
केस स्वतःहून काप. उशीवर सापडले
की जास्त रडू येतं.
पहाटे तीनला भीती वाटली तर फोन कर,
मी बेकरीत असतो, हात पिठात असतील,
कोपराने उचलीन.

आज तिने विचारलं, "मरशील असं वाटलं होतं?"
"हो."
तिला आजवर कुणी 'हो' म्हटलं नव्हतं.
ती इतकी खळखळून हसली
की नर्स दारातून डोकावली.
मग बराच वेळ तिने गादीच्या कडेवर
दोन बोटांनी ताल धरला, चुकीचा.
मी दुरुस्त केला नाही.

निघालो तेव्हा मास्कमागे तिचे ओठ हलले,
आभार मानायला.
आणि थांबले.
तिला ठाऊक आहे, मलाही:
माते परत देताना 'आभार' म्हटलं
तर त्याचा अर्थ, पुरे, आता मला नको,
पुढची फेरी माझ्याविना.

ती एवढंच म्हणाली, "गुरुवारी."