तार ढिली

टपालाने, फोनवरून,
कधी खिडकीशी येऊन काचेवर थुंकी उडवत,
लोक मला सांगतात आमचे चालक काय करतात.

चालक शिट्टी वाजवत होता. चालक हसला नाही.
चालक हसला, आणि ते हसणं मला लागलं.
चालकाने सिग्नलला पाव खाल्ला,
अख्खा, घाई न करता.
चालक बाईंनी आरशात बघून केस बांधले;
गाडी उभी होती, कबूल,
पण पगार तर चालू होता ना?

मी शिक्का मारते. तारीख, वेळ, गाडी क्रमांक.
वाल्पाराइसोत समुद्र फुकट बघता येतो,
फक्त कामावर असताना नाही.

परवा एक चित्रफीत आली. चार मिनिटं नऊ सेकंद.
कोलोन रस्त्यावर भर दुपारी ट्रॉलीबस उभी,
छतावरचा एक दांडा तारेवरून सुटून अधांतरी,
आणि मागे, रबरी हातमोजे घालून,
दोरी धरून एलिओदोरो कात्रिलेओ
मान वर करून उभा.
नुसता उभा.
चित्रण करणाऱ्या बाईंचा आवाज येतो:
"बघा, आभाळ बघायचे पैसे घेतात हे."
एक कुत्रा येतो, चाक हुंगतो, जातो.
कुत्र्याविरुद्ध तक्रार नाही.

एलिओदोरो माझ्यासमोर बसला, टोपी गुडघ्यावर.
एकोणतीस वर्षं नोकरी.
दांडा का सुटला?
"सुटतो कधीकधी."
बसवायला चार मिनिटं?
"वारा होता."
चित्रफितीत वरच्या सज्जात चादरी वाळत होत्या.
एकही हलत नव्हती.
ते मी पाहिलं होतं, आणि मी पाहिलंय
हे त्याला दिसलं.

सतरा वर्षं मीही तीच गाडी चालवली,
गुडघा गेला तेव्हा या टेबलामागे आले.
दांडा कुठे सुटतो मला ठाऊक आहे:
वळणावर, जोडावर,
चौकात तारा एकमेकींना छेदतात तिथे.
सरळ रस्त्यावर सुटत नाही.
सरळ रस्त्यावर सोडवावा लागतो.
खाली उतरून मागे जायचं, दोरी ओढायची, हळूच,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून आपलं बोट काढावं तशी.
मग गाडी मुकी होते. दिवे जातात, घरघर थांबते.
बंद पडलेल्या गाडीच्या चालकाला
का थांबलास असं कुणी विचारत नाही.
निदान तेव्हा विचारत नसत.
तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता.

मी तीनदा सोडवला.
एकदा आई गेली त्या दिवशी,
रजेचा अर्ज वरती अडकला होता.
उरलेल्या दोनदा काही कारण नव्हतं.

पेन खाली ठेवून मी विचारलं,
वर काय होतं?
तो म्हणाला, "पेलिकन."
किती?
"सात." मग जरा थांबून, "नंतर सहा."

अहवालात लिहिलं:
तार ढिली. चालकाचा दोष नाही.
सही केली. अळीमिळी गुपचिळी.

शुक्रवारी दुरुस्तीची गाडी कोलोनला गेली.
तिघांनी शिडी वर नेली, तार चाचपली.
तार ठणठणीत.
आलोच आहोत तर म्हणून एक बोल्ट आवळला.

सोमवारी नवं पत्र:
तीन कामगार, पिवळी हेल्मेटं, पाऊण तास,
उंचावर पाय सोडून बसलेले, समुद्राकडे तोंड.
नेमकं काय करत होते ते कळलं नाही.
सोबत फोटो.

फोटो छान आलाय.
उजव्या कोपऱ्यात, तारांच्या वर, ते आहेत.
मी मोजले. पाच.
भिंगाखाली धरला तेव्हा सहावा,
अर्धाच, चौकटीबाहेर चाललेला.

शिक्का दुपारी मारला.